बोकडाची निवड : रंग पाहावा की वंश ?

नवी मुंबईच्या परिसरातील शेळीपालन हे केवळ शेतीचा जोडधंदा राहिलेले नाही. कित्येक घरी शेती गेली आणि शेळ्या तेवढ्या उरल्या. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी नेमण्यात आल्या. भातखाचरे गेली, मिठागरे गेली, त्यांच्या मागोमाग बैल विकले गेले. शेळी मात्र डोंगरउतारावरील झुडपे, रस्त्याकडेची बाभूळ, शेवरीचा पाला आणि घरामागची पडवी एवढ्यावर निभावून राहिली. पनवेलच्या पूर्वेस डोंगराच्या कुशीत असलेल्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांत आणि उरणच्या बाजूच्या आगरी-कोळी घरांत चार-दोन शेळ्या आजही अडीअडचणीच्या वेळी कामास येतात. मुलाच्या शाळेचा खर्च, आजारपण, छपराचे पत्रे, अशा वेळी प्रथम हात जातो तो शेळीच्या दाव्याकडेच.

या शेळीपालकाला मोठे गिऱ्हाईक अगदी जवळ आहे. वाशीची खाडी ओलांडली की देवनार. बकरी ईदेच्या आधी तेथे राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या मुलुखांतून बोकड येतात. त्या बाजारात वजनाला किंमत आहेच. पण रूपालाही आहे. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके असलेला सोजत, तपकिरी अंगावर गडद छटा घेऊन आलेला सिरोही, लोंबत्या कानांचा, बाकदार नाकाचा एखादा उंच नर, यांच्याभोवती माणसे जमतात. कपाळावर चंद्रकोरीसारखी खूण असलेल्या किंवा अंगावरील ठिपक्यांत काही अक्षरासारखे दिसणाऱ्या बोकडाची किंमत तर त्याच वजनाच्या दुसऱ्या बोकडाच्या कितीतरी पट सांगितली जाते. वास्तविक कुर्बानीच्या जनावराचे वय एक वर्ष पुरे असावे आणि ते आंधळे, लंगडे, रोगी नसावे एवढेच पाहण्याचा दंडक आहे. रंगाचे बंधन नाही. परंतु हौसेला मोल नसते, आणि विकणाऱ्याने त्या हौसेचा लाभ घेतला तर त्यात गैर काहीच नाही.

गैर होते ते पुढे. हा भाव डोळ्यांनी पाहून आलेला गावचा शेळीपालक तसाच एक रंगीत बोकड पैदाशीसाठी म्हणून विकत घेतो. त्यासाठी वर्षभराची बचत घालतो, क्वचित कर्ज काढतो. वाडीतला जुना काळा गावठी बोकड खाटकाकडे जातो. दोन-तीन वर्षांनी वाडीतील सर्व पाठी त्या एकाच आणलेल्या नराच्या लेकी झालेल्या असतात. आणि मग करडे पावसाळ्यात का मरतात, शेळी एकच करडू का देते, दूध का आटले, याची चर्चा सुरू होते. रंग पाहून पैदाशीचा नर ठरविणे ही या परिसरातील शेळीपालनाची आजची सर्वांत महाग चूक आहे, असे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे.

ही चूक समजण्यासाठी रंग पिल्लांत कसा उतरतो हे थोडे जाणून घेतले पाहिजे. शेळीच्या केसांत मुळात दोनच रंगद्रव्ये असतात. एक काळे किंवा गडद तपकिरी, दुसरे तांबडे-पिवळसर. पांढरा केस म्हणजे तिसरे रंगद्रव्य नव्हे. तेथे रंग उतरलेलाच नसतो, किंवा तांबडे द्रव्य इतके फिके असते की केस पांढरा भासतो. कोणत्या भागात काळे आणि कोणत्या भागात तांबडे द्रव्य उतरावे हे ठरविणारे एक प्रमुख जनुक आहे, त्यास अगूटी म्हणतात. प्रत्येक शेळीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. या जनुकाचे शेळीत अनेक प्रकार आढळतात. त्यांपैकी सर्वांग पांढरे किंवा तांबूस करणारा प्रकार सर्वांत प्रबळ, आणि सर्वांग काळे करणारा प्रकार सर्वांत सुप्त. तोंडावर पट्टे, पाठीवर काळी रेघ, पोट फिके असे जे नमुने दिसतात ते या दोन टोकांच्या मधले होत.

मेंडेलने वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून १८६६ साली जे नियम प्रसिद्ध केले तेच येथे लागू पडतात. समजा, एका तांबूस शेळीजवळ एक प्रत तांबूस रंगाची व एक काळ्या रंगाची आहे. तांबूस प्रत प्रबळ असल्याने शेळी तांबूसच दिसेल. काळी प्रत आत लपून राहील. बोकडही तसाच असेल, तर त्यांच्या करडांत सरासरीने चारांत तीन तांबूस व एक काळे निघेल. वाडीत असे एखादे काळे करडू जन्मले की तर्क सुरू होतात. शेजाऱ्याचा काळा बोकड रात्री दावे तोडून आला असावा, किंवा विकणाऱ्याने जातिवंत म्हणून भेसळीचा नर गळ्यात मारला असावा. त्या शेळीला दोष देऊन ती विकलीही जाते. तिचा काही अपराध नसतो. काळेपणा तिच्यात व तिच्या जोडीदारात पिढ्यान्‌पिढ्या झाकलेला होता, तो त्या वेताला उघडा पडला इतकेच.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. काही कळपांत काळा रंग दुसऱ्याच एका जनुकामुळे येतो, आणि तेथे तो सुप्त नसून प्रबळ असतो. तपकिरी रंगही सर्वत्र एकाच कारणाने येत नाही. म्हणून काळ्या शेळीकडे पाहून तिचा काळा रंग कोणत्या जातीचा आहे हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. ते तिच्या करडांवरून कळते. आणलेला तांबूस नर आत काळी प्रत बाळगतो की नाही हे ज्याला खरोखरच हवे असेल, त्याने तो नर सुप्त काळ्या शेळ्यांवर वापरून पाहावा. नरात काळी प्रत असेल तर दर करडू काळे होण्याचा संभव निम्मा. सात करडे झाली आणि एकही काळे निघाले नाही, तर नर काळी प्रत बाळगणारा असण्याचा धोका १२८ त एक इतका खाली येतो. ही परीक्षा कोणत्याही गोठ्यात करता येण्याजोगी आहे; तिला वही, पेन्सिल आणि धीर एवढीच सामग्री लागते. प्रश्न आहे तो इतका खटाटोप रंगासाठी करावा काय, हा.

आता त्या चंद्रकोरीविषयी. अंगावर पांढरे पट्टे किंवा ठिपके असणे हे जनुकांवर अवलंबून आहे, यात शंका नाही; त्यांपैकी काही प्रबळ तर काही सुप्त आहेत. परंतु ठिपका नेमका कोठे पडेल व त्याचा आकार काय होईल, हे जनुक लिहून देत नाही. गर्भावस्थेत रंग तयार करणाऱ्या पेशी पाठीच्या कण्यालगत उत्पन्न होतात आणि तेथून त्वचेत पसरत दोन्ही बाजूंनी पोटाकडे उतरत जातात. ज्या जागी त्या वेळेवर पोहोचत नाहीत ती जागा पांढरी राहते. कोणती पेशी कोठवर पोहोचली यात योगायोगाचा भाग मोठा असतो. काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन गाईपासून क्लोन तंत्राने तयार केलेली वासरे जनुकांनी तंतोतंत सारखी असतात, तरी त्यांच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी एकमेकींशी जुळत नाही. मग पोटच्या करडाची काय कथा ! कपाळावर चंद्रकोर असलेला बोकड ईदेला विकावा आणि मिळेल तेवढा भाव घ्यावा. त्याची चंद्रकोर करडांवर उमटेल या आशेने त्याला पैदाशीसाठी ठेवणे किंवा दुप्पट किंमत देऊन आणणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय.

संकराची गोष्ट याहून फसवी आहे, कारण ती आरंभी फार चांगली दिसते. एका शुद्ध रंगाचा नर आणून तो गावच्या वेगळ्या रंगाच्या शेळ्यांना दिला की पहिल्या पिढीची करडे बहुधा एकमेकांसारखी निघतात. ती वाढीलाही चांगली असतात; दोन दूरच्या वंशांच्या मेळाने जो जोम येतो तो या पहिल्या पिढीत पुरेपूर असतो. मालकाला वाटते की आपल्या वाड्यात नवी जातच निर्माण झाली. तो त्याच पिढीतील एक देखणा नर राखून ठेवतो व तो आपल्याच संकरित पाठींना देतो. दुसऱ्या पिढीत सगळे विस्कटते. एक करडू आजोबासारखे, एक आजीसारखे, एक दोघांसारखेही नाही. दोन जनुके जरी स्वतंत्रपणे वाटली गेली तरी सोळा जोड्या मांडाव्या लागतात. रंगात तर त्याहून अधिक जनुके गुंतलेली आहेत. रंग विस्कटतो तो डोळ्यांना दिसतो. त्याच वेळी संकराचा जोमही निम्म्यावर आलेला असतो. तो दिसत नाही, तो तराजूवर आणि मेलेल्या करडांच्या संख्येत कळतो.

बोअर जातीच्या संकरात हा अनुभव अनेकांना आला असेल. मूळची दक्षिण आफ्रिकेची ही मांसाची जात. तेथे १९५९ साली पैदासकारांची संघटना स्थापन झाली आणि पांढरे अंग व तांबडे डोके हे जातीचे रूप पुढे पक्के होत गेले. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ही जात १९९० च्या दशकात आणली. देशी शेळीला बोअर नर दिल्यास करडे लवकर वजन धरतात, हे खरे आहे. परंतु गावात विचारणा होते ती अशी की, करडाचे डोके तांबडे निघाले नाही, तेव्हा नर अस्सल नव्हता काय ? बोअरच्या अंगावरील पांढरेपणाचा संबंध एका जनुकाच्या वाढीव प्रतींशी आहे, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. दोन्ही बाजूंनी त्या प्रती आल्या तर अंग पांढरे होते; एकाच बाजूने आल्या तर पांढरेपणा कमी राहतो. म्हणजे अर्ध्या रक्ताचे करडू बापासारखे दिसले नाही म्हणून ते बनावट ठरत नाही. त्याचे तीन महिन्यांचे वजन किती भरले, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

याच बोअरमध्ये रंगाचा एक खरा उपयोगही आहे, तो लक्षात घेण्यासारखा आहे. शेपटीखालील केसविरहित कातडी काळसर असावी, गुलाबी नसावी, असा त्या जातीचा नियम आहे. तो शोभेसाठी नाही. कडक उन्हात गुलाबी कातडी भाजते. केसांचा रंग कोणताही असो, नाकपुडी, पापणी, कास आणि शेपटीखालची जागा यांवरील कातडी काळसर आहे की नाही हे शेळीपालकाने जरूर पाहावे. बाजारात ज्या गुलाबी कातडीचे कौतुक होते ती चरावयास नेण्याच्या जनावराला सोईची नाही. केसांच्या काळ्या रंगाविषयी मात्र उगीच भय नको. सिनाईच्या वाळवंटात बेदुइन लोक काळ्या शेळ्या पाळतात. त्यांवरील संशोधन १९८० साली प्रसिद्ध झाले. काळ्या शेळ्या उन्हाळ्यात पांढऱ्यांपेक्षा अधिक उष्णता शोषतात हे त्यात दिसले, परंतु थंडीत उन्हाच्या उबेवर त्यांना खाद्य कमी लागते, हेही दिसले. वाळवंटात ज्या काळ्या शेळ्या तग धरतात त्यांना पनवेलच्या करवंदीच्या जाळ्यांत रंगामुळे काही होईल असे मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या शेळ्यांकडे पाहिले तरी रंगाचे स्थान कळते. धाराशिव, लातूर, सोलापूर या भागांतील उस्मानाबादी शेळी काळी म्हणून प्रसिद्ध. परंतु जुन्या पाहणीतही सुमारे तीन-चतुर्थांश शेळ्याच काळ्या आढळल्या होत्या. उरलेल्या पांढऱ्या, तपकिरी किंवा ठिपकेदार होत्या, आणि त्याही उस्मानाबादीच होत्या. नाशिक, अहिल्यानगर व पुणे या जिल्ह्यांतील संगमनेरी तर पांढरी, काळी, तपकिरी अशा नाना रंगांत येते. विदर्भातील बेरारी तांबूस, आणि तिच्या तोंडावर पट्टे. कोकणापुरते बोलावयाचे तर सिंधुदुर्गाची कोकण कन्याळ ही काळ्या अंगाची, तोंडावर पांढरे पट्टे व लांब कानांना पांढरी किनार असलेली देखणी शेळी. पण कोकणच्या धुवाधार पावसात ती टिकते म्हणून तिचे मोल आहे. पांढरी किनार ही केवळ तिची ओळख. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या जातीचा अभ्यास केला, आणि राष्ट्रीय नोंदवहीत तिला स्थान मिळाले, हे कोकणातील शेळीपालकांच्या दृष्टीने मोठे काम झाले.

रंग ही जातीची खूण असू शकते, जातीचा गुण नव्हे. हा भेद न पाळण्याचा दोष केवळ शेतकऱ्यांकडे नाही. पशुप्रदर्शनात उस्मानाबादीच्या गटात एखादी तपकिरी शेळी आली, तिच्यासोबत तिची तीन सारख्या वाढीची करडे असली, तरी बक्षीस बहुधा चकचकीत काळ्या नराला जाते. परीक्षकाकडे वेळ थोडा असतो, नोंदवही कोणी आणलेली नसते, आणि रंग तेवढा समोर दिसत असतो. शेतकरी ते पाहतो व घरी जाऊन तपकिरी पाठ विकून टाकतो. प्रदर्शनात नोंदीवाचून बक्षीसच नाही असा नियम केला तर पहिली दोन वर्षे गर्दी कमी होईल, ही गोष्ट खरी. पण तिसऱ्या वर्षापासून वह्या दिसू लागतील.

पाहावयाचे काय, ते ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना नवीन नाही. नराची आई जुळी देणारी होती काय, एका वेतात नव्हे तर लागोपाठच्या वेतांत ? तिने जुळी दोन्ही वाढविली काय ? नराचे जन्माचे व तीन महिन्यांचे वजन किती ? दोन्ही अंड सारखे व भरदार आहेत काय, खूर सरळ आहेत काय ? जुळे देण्याचा गुण अनेक जनुकांच्या एकत्र परिणामाने येतो, आणि आईवरून लेकीचा अंदाज थोडाच लागतो. म्हणूनच एका वेतावर भरवसा ठेवता येत नाही. मेंढीत या बाबतीत एक अपवाद आहे. बंगालच्या गरोळ मेंढीत जुळ्यांना कारण होणारे एकच मोठे जनुक आहे, आणि ते फलटणच्या संस्थेने दख्खनी मेंढीत उतरविले. शेळीत असा सरळ रस्ता अजून व्यवहारात आलेला नाही. रंगाचा गुण मात्र एक-दोन जनुकांचा. तो पाच-सहा वर्षांत कोणालाही कळपात बसविता येतो. जे सोपे आहे त्यामागे लागून जे कठीण आहे ते हातचे घालवावयाचे, असा हा व्यवहार आहे. दहा नरांतून रंगाने एक निवडला, की वजन व जुळेपणा यांसाठी निवड करावयास उरतच काय ?

रूपाच्या हौसेचा आणखी एक प्रकार म्हणजे शिंगे नसलेला बोकड. असे जनावर वागविण्यास सोपे, दिसण्यास सुरेख. शिंगे नसणे हा गुण प्रबळ आहे. परंतु सानेनसारख्या युरोपीय दुधाळ जातींत या गुणाशी एक मोठा दोष जोडलेला आढळतो. शिंगरहिताच्या दोन प्रती ज्या मादी करडात येतात ती मादी म्हणून वाढत नाही. नरासारखी होते आणि वांझ राहते. फ्रान्समधील संशोधकांनी २००१ साली यामागे गुणसूत्राचा एक लहान तुकडा गळालेला असतो असे दाखविले. नर व मादी दोन्ही शिंगरहित असतील आणि दोघांजवळ एकेकच प्रत असेल, तर सरासरीने आठ करडांत एक असे वांझ निघेल. शिंगरहित शेळ्या महाराष्ट्रातही, विशेषतः उस्मानाबादीत, पुष्कळ दिसतात. म्हणून नर शिंगाळ ठेवावा, म्हणजे हा प्रश्नच उद्भवत नाही. विदेशी रक्त असलेला शिंगरहित नर आणताना तर ही काळजी अवश्य घ्यावी.

बाहेरचे रक्त आणूच नये, असा याचा अर्थ नाही. ते कशासाठी आणावयाचे ते आधी ठरलेले असावे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७१ साली शेळीसुधारणेचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू केला. त्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात अंगोरा व संगमनेरी यांचा संकर मोहेअर लोकरीसाठी करण्यात आला. प्रयोग शास्त्रशुद्ध होता, नोंदी काटेकोर होत्या. तरी आज त्या भागातील शेतकऱ्याच्या वाड्यात दिसते ती संगमनेरीच. शेतकऱ्याला लोकर विकावयाची नव्हती. त्याला दूध, करडू आणि अडचणीला चार पैसे हवे होते. जी गोष्ट विद्यापीठाच्या देखरेखीखाली गावात रुजली नाही, ती नुसता रंग पाहून आणलेल्या नराने रुजेल हे संभवत नाही. शिवाय सिरोही, सोजत या राजस्थानातील कोरड्या हवेच्या जाती. पनवेल-उरणकडे पावसाळ्याचे चार महिने जमीन वाळत नाही. खूर सडतात, जंत वाढतात, ओलाव्याने फुप्फुसे भरतात. लाकडी माच्यावर कोरडे ठेवून, वेळेवर जंतनाशक देऊन, पीपीआरची लस टोचून असे चार नर सांभाळता येतील. पण वाडीतील चाळीस शेळ्यांचे रक्तच बदलून टाकले तर त्या सर्वांना माचा कोण बांधून देणार?

मग ईदेच्या भावाचा मोह सोडावा काय ? मुळीच नाही. येथे दोन कामे वेगळी करावयास हवीत : घरची पैदास आणि बाजारची पैदास. वीस शेळ्यांच्या कळपात नोंदीवरून उत्तम ठरलेल्या बारा शेळ्यांना गावठी किंवा कोकण कन्याळ वंशाचा चांगला नर द्यावा. घरच्या पाठी यांच्यापासूनच राखाव्यात. उरलेल्या आठांना हवा तर रंगीत, मोठ्या हाडाचा नर द्यावा. त्यांची नर करडे ईदेसाठी वाढवावीत आणि मादी करडेही विकून टाकावीत. ती कितीही देखणी असली तरी कळपात ठेवू नयेत. अशा रीतीने संकराचा पहिल्या पिढीचा जोम दरवर्षी नव्याने मिळतो, रूपाचा भाव मिळतो, आणि घरचे रक्त शाबूत राहते. कठीण भाग आहे तो शेवटला. पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांची लोंबत्या कानांची पाठ विकताना घरातील मुले रडतात, आणि बहुतेक योजना येथेच मोडतात. तसेच संकरित नर चार महिन्यांचे होताच पाठींपासून वेगळे बांधावेत किंवा खच्ची करावेत. बोकड पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकतो, आणि मालकाने न ठरविलेला संकर तो स्वतःच घडवून आणतो.

वीस शेळ्या प्रत्येकाकडे नसतात हे उघड आहे. वाडीवर पाच घरी चार-चार शेळ्या असतील तर गावठी नर सामाईक ठेवणे हेच परवडते. एक नर पंचवीस-तीस शेळ्यांना पुरतो. दोन वर्षांनी त्याच्या लेकी माजावर येऊ लागल्या की तो शेजारच्या वाडीला द्यावा व तिकडचा आणावा. असे न केल्यास बाप-लेकींचा संयोग होऊन करडे खुरटतात. आणि गंमत अशी की रंग मात्र तेव्हा फार एकसारखा निघतो, त्यामुळे मालकाला जात सुधारल्याचा भास होतो.

ईदेचा हिशेब चांद्र महिन्यांचा असल्याने ती दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते. २०२० साली ती १ ऑगस्टला, ऐन पावसात होती. २०२५ साली ७ जूनला आली. २०२८ साली ती मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास येईल. कोकणच्या शेळीपालकाला हा फेर अनुकूल आहे, कारण बोकड पावसाळा लागण्यापूर्वी विकला जाईल. शेळी सुमारे १५० दिवसांनी विते आणि बोकडाचे वय ईदेस वर्ष पुरे भरलेले हवे; तेव्हा ईदेच्या तारखेपासून निदान सतरा महिने मागे मोजून शेळी भरवावी लागते. परंतु काटेकोर सतरा महिने धरले तर २०२८ च्या ईदेची करडे एप्रिल-मे २०२७ मध्ये जन्मतील आणि महिन्या-दोन महिन्यांची कोवळी असतानाच मृगाच्या पावसात सापडतील. त्यापेक्षा जून-जुलै २०२६ मध्ये भरलेल्या शेळ्या नोव्हेंबर-डिसेंबरात विततील, करडांना कोरडा हिवाळा व उन्हाळा मिळेल, आणि ईदेच्या वेळी नर सतरा-अठरा महिन्यांचे, दोन दाती व भरलेल्या अंगाचे होतील. भरविल्याची तारीख, नराची ओळख, करडांची संख्या व रंग, तीन महिन्यांचे वजन, एवढ्या पाच नोंदींसाठी दर शेळीला वहीचे एक पान पुरते. पशुधन पर्यवेक्षकाने लसीकरणाच्या फेरीत ते पान मागून पाहावे.